विंगेतला आवाज

“आंटी, तुमचे ओठ हलतायत.”

फैजल संवाद अर्धवट सोडून हसायला लागला. मधुमतीने ओठ मिटले. वर्गातली टेबलं-खुर्च्या भिंतीकडे सरकवून मधे जी जागा मोकळी झाली होती, तो रंगमंच. त्यावर मधुमती आई होती आणि फैजल तिचा मुलगा. वाक्य मुलाचं चाललं होतं, पण त्याच्या प्रत्येक शब्दाबरोबर आईचेही ओठ हलत होते.

“माझं पाठ झालंय, आंटी. खरंच.”

“माहितीये रे. सवय आहे माझी.”

“मला वाटतं, सिनेमाखालची अक्षरं पळतायत. आता मी बोलू की वाचू?”

सगळं इंग्रजीत चाललं होतं. फैजल दिवसा एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर ड्यूटी करायचा आणि वर्गाला युनिफॉर्मवरच यायचा. वीस वर्षांनी मोठ्या वर्गमैत्रिणीला आंटी म्हणण्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं आणि तिलाही नव्हतं.

नाटक शिकवणाऱ्या मिस को खिडकीपाशी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

“तो बोलतो तेव्हा तुम्ही काय करता, मधुमती?”

“ऐकते.”

“नाही. तुम्ही तपासता.”

फैजलने वाक्य पहिल्यापासून घेतलं. मधुमतीने या वेळी ओठ दातांखाली धरले.

मधुमती खासनीस कराडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना तिचं लग्न ठरलं होतं. पदवी नंतर बाहेरून पूर्ण करता येईल, असं बैठकीत दोन्हीकडच्या माणसांनी मान्य केलं, आणि मग त्याची आठवण कुणालाच राहिली नाही. पुढे पुणे झालं, मुलगी झाली, सिंगापूर झालं. मुलगी शाळेत रुळल्यावर मधुमतीने इथल्या एका विद्यापीठात संध्याकाळच्या वर्गांना नाव घातलं. इंग्रजीची पदवी, सवडीने करायची. सवडीसवडीने करत ती आता शेवटच्या सत्रात आली होती. चार विषय उरले होते: भाषांतर, व्याकरण, नाटक आणि नेतृत्व. पहिले तीन इंग्रजीच्या पदवीला असणं समजण्यासारखं होतं. चौथा विद्यापीठाने सगळ्यांनाच लावला होता.

ओठांची सवय मात्र मराठी मंडळातली. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी ती मंडळाच्या नाटकाच्या निवडीला गेली होती. आवाज लहान आहे, तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही, असं दिग्दर्शकाने सांगितलं, आणि तिचं तोंड उतरलेलं पाहून लगेच म्हणाला, “पण स्पष्ट आहे हो तुमचा आवाज. प्रॉम्प्टिंगला बसाल का?” ती बसली आणि बसूनच राहिली. दर गणपतीत मंडळाचं नाटक असायचं. नारळ फुटला, तिसरी घंटा झाली की विंगेत एक खुर्ची, मांडीवर संहिता आणि हातात छोटी बॅटरी. एंट्री घेण्याआधी प्रत्येक नट तिच्याकडे वळून एकदा विचारायचाच, “मधूवहिनी, आहात ना?”

“आहे, आहे. जा तुम्ही.”

त्यातला बाळू फाटक सगळ्यात लाडका आणि सगळ्यात विसराळू. एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, मंडळासाठी एकांकिका लिहायचा आणि स्वतः लिहिलेलेच संवाद स्टेजवर विसरायचा. “लिहिताना डोक्यातून निघून जातं ना,” असं त्याचं म्हणणं. मधुमतीला त्याच्या सगळ्या एकांकिका पाठ होत्या. त्यातल्याच एकीतला प्रवेश तिने भाषांतराच्या वर्गासाठी इंग्रजीत केला होता आणि आता नाटकाच्या परीक्षेत तोच करायचा होता.

प्रवेश साधा होता. गावात पिठाची गिरणी चालवणारी विधवा आई. शहरातून आलेला मुलगा. मुलाने गिरणी विकून टाकली आहे, पण ते तो सांगत नाही. पाऊस, शेजारी, गुडघेदुखी असं सगळं बोलून झाल्यावर शेवटी सांगतो. आई मधेमधे तीनदा विचारते, “जेवलास का?” भाषांतराच्या शिक्षकांनी त्यातल्या दोन वेळा काढून टाकायला सुचवलं होतं. त्यावर फैजल वर्गात उठून म्हणाला, “नको सर. माझी आईपण उत्तर बदलेपर्यंत विचारते.” तिन्ही वेळा राहिल्या. भाषांतराला तिला चांगले गुण मिळाले. व्याकरणाला त्याहून चांगले.

घरी निराळीच परीक्षा चालू होती.

हेमचंद्र आंग मो किओतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत टेस्टिंगचा मॅनेजर होता. कंपनीने त्याचं डिपार्टमेंट मलेशियात, पिनांगला हलवायचं ठरवलं. तिकडे नेण्याच्या माणसांत त्याचं नाव नव्हतं. तो बावन्न वर्षांचा होता. नोकरी संपली की त्याचा इथे राहण्याचा पास संपणार, त्याच्यामागे मधुमतीचा. मग महिनाभराची मुदत. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली तर राहायचं, नाहीतर पुंगोलचा फ्लॅट सोडून पुण्याला. मुलगी इरा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिची परीक्षा तेवढ्यात होऊन जाणार होती. मधुमतीचंही सत्र संपणार होतं. सगळं एकदाच आटोपेल, असं दोघांनी बोलून ठरवलं होतं, जणू आपणच बेत आखला आहे.

इंटरव्ह्यू यायला लागले ते लॅपटॉपवर. हेमचंद्रला काम उत्तम येत होतं. कामाबद्दल बोलता येत नव्हतं. कुणी प्रश्न विचारला की तो आधी आवंढा गिळायचा. उत्तरं मधुमतीने लिहून काढली, काळ आणि क्रियापदं नीट केली, त्याच्याकडून घोकून घेतली. इंटरव्ह्यूच्या दिवशी तो वर फॉर्मल शर्ट-टाय आणि खाली बर्म्युडा अशा वेषात डायनिंग टेबलाशी बसला, आणि ती लॅपटॉपच्या पाठीमागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, बुटक्या स्टुलावर.

“सगळं वाक्य नको देऊ हां,” तो म्हणाला होता. “गोंधळतो मी.”

“मला शिकवताय? पहिला शब्द देते फक्त.”

आणि तसंच झालं. तो अडला की ती नुसते ओठ हलवून पहिला शब्द द्यायची, तो उचलायचा आणि पुढचं घडाघडा बोलायचा. एका कंपनीने दुसऱ्या फेरीला बोलावलं. त्या संध्याकाळी तिघं हॉकर सेंटरला जाऊन जेवली.

“आई, दिस इज चीटिंग, ला,” इरा नूडल्स खाता खाता, इथल्या बोलीतला ‘ला’ लावून म्हणाली.

“चीटिंग कसलं? बाबांना येतंय सगळं. मी आठवण करून देते.”

“यू डू इट टू एव्हरीवन. आजीच्या फोनवर पण. बाबा ‘हॅलो’ म्हणतो, आणि तू मागून ‘गुडघा विचारा, गुडघा विचारा’.”

हेमचंद्र ठसका लागेपर्यंत हसला. “अगं, पण नाहीतर मी गुडघा विसरलो असतो ना!”

नेतृत्वाच्या वर्गात प्रत्येकाने आपण केलेल्या नेतृत्वाचा एक प्रसंग सांगायचा होता. कुणी ऑफिसातली टीम सांगितली, कुणी फुटबॉलची. मधुमतीने बाळूचा प्रसंग सांगितला. बाळू ऐन रंगात दोन पानं गाळून पुढे निघून गेला. तिने मग त्याला काहीच न सांगता समोरच्या नटीला एक प्रश्न पुरवला, आणि त्या प्रश्नाचं उत्तर देत देत बाळू आपसूक मागच्या पानावर आला. सभागृहात कुणालाही कळलं नाही.

“छान,” शिक्षक म्हणाले. “मग नंतर काय झालं?”

“बाळूला उत्कृष्ट अभिनयाचा नारळ मिळाला.”

वर्ग हसला. शिक्षकांनीही हसून तिला पास केलं, आणि शेऱ्यात लिहिलं की विद्यार्थिनी साहाय्य उत्तम करते, पुढाकार घ्यायला हवा.

राहिलं नाटक. परीक्षा विद्यापीठाच्या छोट्या नाट्यगृहात होती. काळ्या भिंती, काळा पडदा, समोर पायऱ्यांवर प्रेक्षक. मिस कोंबरोबर बाहेरचे एक परीक्षक होते. नियम ठरलेला: हातात कागद नाही, आणि बाहेरून मदत नाही.

प्रवेश चांगला सुरू झाला. मधुमतीने ओठ आवरले होते. आवाज पायऱ्यांच्या शेवटच्या ओळीपर्यंत जात होता. महिनाभर ती त्यासाठी घरी बाथरूमचं दार लावून ओरडत होती. पहिल्या ‘जेवलास का’ला कुणीतरी हसलं, तिसऱ्याला कुणी हसलं नाही, आणि तिला कळलं की लोक आईबरोबर आहेत. फैजल हात बांधून उभा होता. आता त्याचं वाक्य होतं: आई, मी गिरणी विकली.

तो बोलला नाही.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. तालमीत तो इथे कधीच थांबला नव्हता. इतक्या वेळा वाक्य घेतलं होतं, ते तोंडातून टपकन पडायचं. नाट्यगृहात चिडीचूप झालं. मधुमतीला ते ऐकू आलं नाही. तिला एवढंच दिसलं की नट उभा आहे आणि शब्द येत नाही. इतक्या वर्षांत तिच्या बाबतीत याचा एकच अर्थ होता.

“आई, मी गिरणी विकली,” ती कुजबुजली.

लहान पण स्पष्ट आवाज. शेवटच्या पायरीपर्यंत गेला.

फैजलने मान वर केली. त्याचे डोळे भरलेले होते, हे तिला तेव्हा दिसलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग दोघंतिघं हसले. फैजल भांबावला आणि आता मात्र खरोखरच विसरला. तिने पुढचं वाक्य पुरवलं. मग त्याच्या पुढचं. थांबायला हवं हे तिला कळत होतं, पण समोर नट उघडा पडलेला असताना गप्प बसणं तिला जमणारं नव्हतं. प्रवेश संपेपर्यंत आईची वाक्यं तिने मोठ्याने म्हटली आणि मुलाची हळू आवाजात.

बाहेर व्हरांड्यात फैजल पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

“विसरला होतास ना?” तिने विचारलं.

“नव्हतो, आंटी.” तो बाटलीचं झाकण लावत राहिला. “मला एकदम माझी आई दिसली तिथे. म्हटलं, हे हिला कसं सांगायचं? म्हणून थांबलो होतो. आणखी थोडा वेळ थांबणार होतो.”

“सॉरी रे.”

“ओके ला, आंटी. इट्स ओके.”

मिस कोंनी तिला दोन दिवसांनी खोलीत बोलावलं. फैजलला दुसऱ्या जोडीदाराबरोबर पुन्हा संधी मिळणार होती. त्याचा दोष नव्हता. मधुमतीला मात्र नाटकाचा विषय पुढच्या सत्रात परत घ्यावा लागणार होता.

“आईच मुलाच्या मनातलं बोलून टाकते, असं संहितेत असतं, तर मी सगळ्यात जास्त गुण दिले असते,” मिस को म्हणाल्या. “पण संहितेत ते नव्हतं. रंगमंचावर समोरच्याबरोबर असायचं असतं. तुम्ही त्याच्या वतीने होतात.”

“हो,” मधुमती म्हणाली. “हा विषय भारतातून, ऑनलाइन नाही का करता येणार?”

“नाटक?” मिस को म्हणाल्या. “नाही.”

आता सगळं हेमचंद्रच्या दुसऱ्या फेरीवर येऊन थांबलं. नोकरी मिळाली तर पास, पास मिळाला तर पुढचं सत्र, पुढचं सत्र मिळालं तर पदवी. नाहीतर सगळे विषय होऊन एक राहिला, असं आयुष्यभर सांगायचं. घरी तिने एवढंच सांगितलं की नाटक राहिलं. हेमचंद्रने टाय शोधता शोधता विचारलं, “म्हणजे नापास?”

“म्हणजे पुढच्या सत्रात परत.”

त्याने टाय गळ्यात घातला. “मग मिळवायलाच हवी ही नोकरी,” तो म्हणाला, आणि टेबलाशी जाऊन बसला.

पडद्यावर या वेळी दोघं होते: एच.आर.ची एक बाई आणि हेमचंद्रहून बराच तरुण असा एक इंजिनिअर. पहिली उत्तरं ठीक गेली. दोनदा तिने पहिला शब्द दिला, दोनदा त्याने उचलला. मग त्या तरुणाने विचारलं, “तुमच्या टीमचा विरोध असताना तुम्ही निर्णय घेतलाय, असा एखादा प्रसंग सांगा.”

हे उत्तर तयार होतं. ऐन ऑर्डरच्या दिवसांत टेस्टिंगची एक लाइन त्याने बंद ठेवली होती, सगळे चिडले होते, आणि तोच बरोबर निघाला होता. खरा प्रसंग, वाक्यं तिची.

हेमचंद्रने तोंड उघडलं आणि मिटलं. आवंढा गिळला नाही. त्याने नजर खाली नेली, टेबलावरच्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि अंगठ्याने दुसऱ्या अंगठ्याचं नख चोळत राहिला. हे त्याने कधी घोकलेलं नव्हतं. मधुमती स्टुलावरून त्याचा चेहरा बघत होती. तिला वाटलं, त्याला ती माणसं दिसतायत. इतकी वर्षं बरोबर काम केलेली, त्याच्यावर चिडलेली, आता पिनांगला निघालेली. तो आता जे बोलेल ते त्याचं स्वतःचं असेल.

पहिला शब्द तिच्या जिभेवर होता. तिने ओठ घट्ट मिटून धरले.

खिडकीबाहेरून एलआरटीच्या छोट्या गाडीचे दोन डबे सरपटत गेले. पंखा फिरत होता. पडद्यावरच्या बाईने मान किंचित तिरकी केली.

“सॉरी,” हेमचंद्र म्हणाला. “प्रश्न पुन्हा सांगाल का?”

प्रश्न पुन्हा आला. त्याने कसंबसं दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. त्यांनी आभार मानले, कळवू म्हणाले. लॅपटॉप बंद झाला.

“काय गं,” त्याने टाय सैल केला. “बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्ही थांबलायत.”

“थांबलो नव्हतो, मधू. अडलो होतो.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला काही म्हणता आलं असतं. तो उठून आत गेला आणि थोड्या वेळाने त्याने आतूनच विचारलं, “चहा टाकू का गं तुला?”

नकाराची मेल त्याच आठवड्यात आली. वाक्यरचना निर्दोष होती.

त्यानंतर कामांना गती आली. सोफा एका बंगाली कुटुंबाने नेला. इराची परीक्षा झाली. पुण्याच्या ज्युनियर कॉलेजची चौकशी सुरू झाली. “मला मराठी लिहायला लागेल का तिथे?” तिने विचारलं, आणि मधुमतीने तिच्या वतीने काळजी करायला सुरुवात केली. फैजलने मेसेज पाठवला. तो पास झाला होता. त्या जागी मी पुन्हा थांबलो, असं त्याने लिहिलं होतं, आणि पुढे हसरा चेहरा काढला होता.

निघण्याच्या आदल्या शनिवारी मंडळाचा कार्यक्रम होता, हौगांगच्या कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये. नाटुकली, गाणी, मग निरोप. मधुमती नेहमीसारखी विंगेत बसली. बाळू नेहमीसारखा दोनदा विसरला. त्याचं संपल्यावर मंडळाची सेक्रेटरी शुभदा माइकवर आली.

“एका व्यक्तीला आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण पाहिलं कुणीच नाही...”

“ऐकलंय ते फक्त मी!” बाळू मागून ओरडला. हॉल हसला.

मधुमतीने संहिता आणि बॅटरी खुर्चीवर ठेवली आणि ती स्टेजवर गेली. दिवे डोळ्यांवर येत होते. शुभदाने तिच्या खांद्यांवर शाल घातली, नारळ दिला, आणि माइक तिच्या हनुवटीशी आणून म्हणाली, “दोन शब्द बोला ना, वहिनी.”

बोलायचं असणार हे तिला माहीत होतं. चार वाक्यं तिने बसवली होती, दुपारी हेमचंद्रसमोर दोनदा म्हणूनही दाखवली होती. तिने श्वास घेतला. पहिलं वाक्य आलं नाही. तिने सवयीने उजवीकडे पाहिलं. विंगेत खुर्ची होती, खुर्चीवर संहिता, संहितेवर बॅटरी. चालूच राहिलेली.

हॉल शांत झाला. लोकांना वाटलं, तिला भरून आलंय, म्हणून ती थांबली आहे. कुणी खोकलंसुद्धा नाही.

तिने समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेत इराशेजारी हेमचंद्र बसला होता. पुढे वाकून, हात गुडघ्यांत धरून. त्याचे ओठ हलत होते. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. दिव्यांमुळे तो शब्द नीट ओळखू येत नव्हता. नारळ दोन्ही हातांत धरून ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.